सिम्फनी हॉल, बॉस्टन: पुठ्ठ्याच्या मॉडेलच्या नोंदी

१४ सप्टेंबर

मराठी शाळेच्या प्रदर्शनाचा यंदाचा विषय ‘आपलं शहर’. बाकीच्या गटांनी बंदर, नदी, विद्यापीठ अशी डोळ्यांना दिसणारी प्रकरणं घेतली. मी सिम्फनी हॉल, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफलींचा हॉल, मागून घेतला. वहिनींचा पहिला प्रश्न, "जो कानाने ऐकायचा तो पुठ्ठ्यात दाखवणार कसा?" त्या इथल्या एका हौशी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवतात, त्यामुळे त्यांचा प्रश्न धुडकावून लावता येत नाही. उत्तर सापडेल तसं इथे लिहीत जाईन.

करायचं ते असं: १:१०० प्रमाणातलं मॉडेल, एक लांब भिंत काढता येणारी, म्हणजे मुलांना आत डोकावता येईल. सोबत पाच मराठी फलक. एका फलकावर सव्वाशे शब्दांच्या वर मजकूर गेला तर फलक परत, असं बाईंनी आधीच बजावलंय.

मापं गोळा झाली. रुंदी २२.९ मीटर. उंची साधारण १८.६. मंचाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे ३९. शंभराने भागलं की २३ × १८.५ × ३९ सेंटिमीटर. घरात पडलेला माझ्या हिवाळी बुटांचा खोका मोजून पाहिला, उंचीचा फरक सोडला तर जवळजवळ तेवढाच! ध्वनिशास्त्रातली मंडळी या घाटाच्या हॉलला बुटाचा खोकाच म्हणतात, तेव्हा कच्च्या मॉडेलसाठी तोच वापरायला हरकत नाही.

१७ सप्टेंबर

पहिल्या फलकासाठी इतिहास. यात मला सर्वात रस हॉल का बांधावा लागला यात आहे.

बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रा १८८१ साली हेन्री ली हिगिन्सन यांनी सुरू केला. यादवी युद्धात लढलेला, व्हिएन्नात संगीत शिकून आलेला, पुढे पेढीवर बसून पैसे कमावलेला माणूस. ऑर्केस्ट्राची तूट वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून भरली, आणि खिसा आपला म्हणून शब्दही आपलाच चालवला. ऑर्केस्ट्रा तेव्हा १८५२ साली बांधलेल्या बॉस्टन म्युझिक हॉलमध्ये वाजायचा. १८९० च्या दशकात शहराने तिथून रस्ता काढायची भाषा सुरू केली, वर भुयारी रेल्वेचं काम. म्हणून नव्या जागेचा शोध. गंमत म्हणजे तो जुना हॉल शेवटी पाडलाच गेला नाही. बदललेल्या रूपात, ऑर्फियम थिएटर या नावाने, तो आजही चालू आहे.

नव्या हॉलचं काम मॅकिम, मीड अँड व्हाइट या न्यूयॉर्कच्या कंपनीकडे गेलं. चार्ल्स मॅकिम यांनी बॉस्टनची सार्वजनिक ग्रंथालयाची इमारतही केली आहे. हॉलसाठी त्यांनी आधी ग्रीक नाट्यगृहासारखा अर्धवर्तुळाकार आराखडा काढला होता. कागदावर देखणा. पण तशा घाटाच्या बंदिस्त हॉलमध्ये सिम्फनी कशी ऐकू येईल याचा दाखला कुणाकडेच नव्हता. हिगिन्सन यांनी तो बाजूला ठेवून सांगितलं, जर्मनीतल्या लाइपझिगच्या गेवांडहाउस या मैफलींच्या हॉलसारखा लांबट आयताकृती करा. जे चांगलं वाजतं हे ठाऊक आहे त्याच्याच वाटेने जा. धाडसी वास्तुरचनेच्या दृष्टीने हे माघार घेणं झालं. मला मात्र या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात शहाणा निर्णय वाटतो, आणि पहिला फलक यावरच संपवायचा विचार आहे.

२१ सप्टेंबर

कच्चा खोका तयार. दोन मिलिमीटरचा राखाडी पुठ्ठा, आत पांढरा कागद. बाल्कन्या अजून नाहीत.

मुलांना आज लाकडी ठोकळे देऊन एक हिशेब करायला लावला. लाइपझिगचा १८८४ चा हॉल दीड हजार माणसांचा. बॉस्टनला हवे होते अडीच हजारांहून जास्त, म्हणजे साधारण सत्तर टक्के अधिक. मग लाइपझिगचाच हॉल सगळ्या बाजूंनी १.३ पट करायचा, झालं काम! जमीन १.३ × १.३ म्हणजे १.६९ पट, सत्तर टक्के माणसं बरोबर बसली. पण हवा? १.३ × १.३ × १.३. मुलांनी ठोकळे रचून पाहिलं: दुपटीच्या वर, २.२ पट.

हॉलमध्ये आवाज किती वेळ रेंगाळतो हे ढोबळमानाने दोनच गोष्टींवर ठरतं, आत हवा किती आणि आवाज गिळणारे पृष्ठभाग किती. गिळण्याचं काम मुख्यतः माणसं करतात, म्हणजे कपडे घातलेली अंगं आणि खुर्च्या. माणसं १.७ पट, हवा २.२ पट, म्हणजे रेंगाळणं १.३ पट. लाइपझिगचा त्या वेळी काढलेला आकडा २.३० सेकंद होता, तो गेला तीनवर.

हा हिशेब मांडणारा माणूस वॉलेस सेबाइन. हार्वर्डमधला तिशीतला सहायक प्राध्यापक, ज्याने तोवर एकही हॉल बांधला नव्हता. १८९८ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांच्या ओळखीतून तो हिगिन्सन यांच्यापर्यंत पोचला.

२५ सप्टेंबर

दुसरा फलक सेबाइनचा. याची गोष्ट सांगायला मुलं हवीतच, मोठ्यांना ती खोटी वाटते.

१८९५ मध्ये हार्वर्डने फॉग आर्ट म्युझियम बांधलं. त्यातल्या व्याख्यानाच्या खोलीत बोललेलं एक अक्षर कळेना. रिकाम्या खोलीत शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तेवढ्या वेळात बोलणाऱ्याची पुढची दोन वाक्यं होऊन जातात, सगळ्यांचा एकच काला. ही खोली दुरुस्त करा, असं एलियट यांनी सेबाइनला सांगितलं.

त्याने केलं ते असं. ऑर्गनची एक नळी, हवेची टाकी, वेळ नोंदणारं यंत्र आणि स्वतःचे कान. नळी वाजवायची, बंद करायची, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ नोंदायचा. मग जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, काही मीटर अंथरायच्या, पुन्हा नळी. आणखी गाद्या, पुन्हा नळी. दिवसा रस्त्यावर ट्रामचा खडखडाट, म्हणून सगळं मध्यरात्रीनंतर. आणि सकाळी थिएटर उघडायच्या आत गाद्या जागच्या जागी.

पुढे लक्षात आलं की मोजणाऱ्याचे कपडेही आवाज गिळतात. म्हणून ठरावीक कोट, ठरावीक पँट, ठरावीक बूट घालूनच मोजमाप करायचं, असा नियम त्याने स्वतःला घातला आणि तो शोधनिबंधात लिहूनही ठेवला. हे वाचून दाखवल्यावर एका मुलीने विचारलं, "मग ते कपडे धुवायचे की नाही?" याची नोंद सेबाइनने ठेवलेली नाही.

आकड्यांचा ढीग जमला तरी त्यातून नियम दिसत नव्हता. १८९८ च्या शरदात, हिगिन्सन यांच्या कामाला हो म्हणायचं की नाही या विचारात असताना, त्याने आकडे पुन्हा मांडले. एका बाजूला गाद्यांची लांबी, दुसऱ्या बाजूला वेळ. तेव्हा ओळखीची वक्ररेषा दिसली. एक वाढलं की दुसरं त्याच प्रमाणात घटतं, गुणाकार कायम. आजच्या रूपात ते सूत्र असं: निनादकाळ (आवाज रेंगाळण्याचा वेळ, सेकंदांत) = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. घनफळ घनमीटरमध्ये, शोषण चौरस मीटरमध्ये. शोषणाचं एकक म्हणून सेबाइनने घेतली उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक. यापेक्षा सोपं माप मुलांना समजावता येणार नाही.

आपल्या हॉलचं घनफळ १८,७५० घनमीटर, निनादकाळ भरलेल्या हॉलमध्ये १.९ सेकंद. उलटा हिशेब करून घेतला: शोषण जवळपास १,५९० चौरस मीटर. एवढ्या आकाराची खिडकी उघडी ठेवल्यासारखं, आणि त्यातला मोठा वाटा श्रोत्यांचा. फलकावर हेच लिहायचं: इथे बसलेला प्रत्येक माणूस एक छोटी उघडी खिडकी आहे.

२८ सप्टेंबर

बाल्कन्या बसवल्या. दोन मजले, तिन्ही बाजूंनी. बाजूच्या बाल्कन्या अगदी उथळ आहेत. मॉडेलमध्ये त्या पट्टीएवढ्या दिसतात आणि मुलांना वाटलं मी कंजुषी केली. पण त्या तशाच हव्यात. बाल्कनी खोल झाली की तिच्याखाली बसणाऱ्याला छताकडून येणारा आवाज मिळत नाही.

मंचाचा भाग वेगळा कापून जोडला. वादक मुख्य खोक्याच्या आत नसून टोकाच्या एका कोनाड्यात बसतात. त्याच्या बाजूच्या भिंती मागे जाताना जवळ येतात आणि छत खाली उतरतं. पुठ्ठ्यात हा कोन साधायला संध्याकाळ गेली. मंचामागच्या ऑर्गनच्या सोनेरी नळ्यांसाठी रंगवलेल्या सळया ठीक दिसतील. मूळ ऑर्गन १९०० चा, आत्ताचा १९४९ साली इओलियन-स्किनर कंपनीने केलेला. फलकात त्याला एका ओळीपेक्षा जास्त जागा नाही.

२ ऑक्टोबर

वहिनींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: दोरा.

मंचावर एक टाचणी, वादक. समोर २० सेंटिमीटरवर दुसरी टाचणी, श्रोता. दोन्ही हॉलच्या मध्यरेषेवर. एक लाल दोरा सरळ: २० सेंटिमीटर, म्हणजे खरे २० मीटर. दुसरा निळा दोरा वादकापासून बाजूच्या भिंतीवर टेकवून श्रोत्याकडे: ३०.४ सेंटिमीटर. फरक १०.४ मीटरचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तेव्हा भिंतीवरून आलेला आवाज थेट आवाजानंतर ३० मिलिसेकंदांनी पोचतो. तिसरा, पिवळा दोरा छताला लावून: ३९.४, म्हणजे ५७ मिलिसेकंद उशीर. म्हणजे भिंत आधी, छत नंतर. प्रत्यक्षात बाल्कनीच्या पुढे आलेल्या कडा भिंतीपेक्षाही जवळ असल्यामुळे पहिला परतलेला आवाज याहून लवकर येतो. खालच्या खुर्च्यांसाठी १५ मिलिसेकंदांच्या आसपासचा आकडा सांगतात.

आता हाच हॉल ४० मीटर रुंद असता तर? जमिनीवर कागद पसरून दोरा लावला: ४४.७. उशीर ७२ मिलिसेकंद. बाजूचा आवाज छताच्याही मागून येणार.

याला महत्त्व का, हे १९६० च्या दशकाच्या शेवटी हॅरल्ड मार्शल आणि त्यांच्यानंतर मायकेल बॅरन यांच्या कामातून पुढे आलं. बाजूने, लवकर येणाऱ्या आवाजामुळे संगीत आपल्याभोवती पसरल्यासारखं वाटतं. दोन्ही कानांना किंचित वेगळं ऐकू येतं, आणि समोरच्या मंचावर वाजणारं सभोवती भरून राहतं. छतावरून येणारा आवाज दोन्ही कानांना सारखाच, म्हणून तो परिणाम साधत नाही. सेबाइनला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्याच्या सूत्रात हॉलची रुंदीच नाही. हवा किती आणि शोषण किती, एवढंच ते विचारतं. तेवढीच हवा असलेला गोल घुमटही त्या सूत्राला चालतो.

वहिनींनी दोरे पाहिले आणि म्हणाल्या, "मग अरुंद खोका ही सूत्राची करामत नाहीच. ती लाइपझिगची उसनवारी." चौथ्या फलकाचं शीर्षक त्यांनी मला फुकट दिलं.

११ ऑक्टोबर

मैफलीला जाऊन आलो. कार्यक्रम काय होता हे इथे नको, हॉल पाहायला गेलो होतो.

बाहेरून इमारत विटांची, साधी. हंटिंग्टन अॅव्हेन्यूच्या बाजूला खांबांची देवडी आहे, पण परदेशातल्या ऑपेरागृहांचा थाट नाही. पैसा आत गेला, आणि आतही मखमलीवर गेला नाही. सभागृहाभोवती सगळीकडून बोळ आहेत, रस्त्याचा आवाज तिथेच अडतो. दोन गजबजलेल्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर बसून आत शांतता ठेवायची तर हे लागतंच.

जिन्याच्या कठड्यांच्या लोखंडी नक्षीत ‘बी एम एच’ अशी अक्षरं आहेत: बॉस्टन म्युझिक हॉल. नव्या वास्तूलाही जुनंच नाव द्यायचं असा बेत होता, नाव बदललं, कठडे राहिले. मुलांना हे शोधायला सांगायचं.

मंचाच्या वर मधोमध सोनेरी फलकावर एकच नाव, बेथोवेन. सभागृहाभोवती तसेच आणखी फलक आहेत, ते कोरे. इतर कुणाची नावं घालायची यावर संचालकांचं एकमत झालं नाही, बेथोवेनवर झालं. शंभराहून अधिक वर्षं ते कोरेच आहेत. समितीत काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

खुर्च्यांसाठी मी मुद्दाम मध्यंतरात खाली जाऊन आलो. १९०० सालच्याच चौकटी. पाठीला आणि बैठकीला पातळ गादी, वर कातडं, हात लाकडाचे. बैठकीच्या खालची बाजू उघडं लाकूड. अरुंद, गुडघे पुढच्या पाठीला लागतात, आणि अंग हलवलं की करकरतात. शेजारच्या आजोबांनी अख्खा सावकाश भाग हात मांडीवर बांधून काढला, तो बहुधा याच भीतीने. पण जाड गुबगुबीत खुर्च्या टाकल्या असत्या तर त्यांनी आवाज गिळला असता, आणि ऐसपैस टाकल्या असत्या तर तेवढ्याच माणसांनी जास्त जागा व्यापली असती. हा दुसरा मुद्दा पुढच्या नोंदीत महत्त्वाचा आहे.

आम्ही दुसऱ्या बाल्कनीत होतो. तिथून ऑर्केस्ट्रा लहान दिसतो आणि मोठा ऐकू येतो. चेलोंचा खालचा सूर पायाखालून आल्यासारखा. वहिनी म्हणाल्या, इथे वाजवणाऱ्याला शेवटचा सूर सोडायची घाई करावी लागत नाही, हॉल तो धरून ठेवतो.

दर्शनी भागात सेबाइनच्या स्मरणार्थ लावलेली पाटी आहे. तिचा आशय असा की ध्वनिशास्त्राच्या ज्ञात नियमांनुसार बांधलेलं हे जगातलं पहिलं सभागृह.

१६ ऑक्टोबर

काल हॉलचा वाढदिवस झाला. १५ ऑक्टोबर १९०० ला विल्हेल्म गेरिके यांच्या हाताखाली बेथोवेनच्या ‘मिसा सोलेम्निस’ने तो उघडला. त्या निमित्ताने तिसरा फलक, ‘सूत्राने घडवलेला हॉल’, पुरा करायला बसलो आणि अडकलो.

सेबाइनने बांधकामाआधी काढलेला भरलेल्या हॉलचा निनादकाळ २.३१ सेकंद. लाइपझिगचा २.३०. जुन्या म्युझिक हॉलचा २.४४. काय बसवलंय! नमुना आणि नवा हॉल, शतांशाचा फरक. हेच आकडे सगळीकडे कौतुकाने दिले जातात. पण आज त्याच हॉलमध्ये श्रोते असताना मोजलं तर १.९ च्या आसपास येतं. चार दशांश सेकंद कमी. कानाला हा फरक चांगलाच कळतो.

कारण बऱ्याच उशिरा उलगडलं. सेबाइनने श्रोत्यांचं शोषण माणशी मोजलं होतं, इतकी माणसं गुणिले माणशी इतकं. जगभरचे हॉल मोजत फिरलेले लिओ बेरानेक यांनी दाखवलं की हिशेब डोक्यांवर नाही, श्रोत्यांनी व्यापलेल्या क्षेत्रफळावर करायला हवा. तीच माणसं ऐसपैस बसवली तर जास्त आवाज गिळतात. बेरानेक याच भागात राहायचे, पुढे ऑर्केस्ट्राच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षही होते, तेव्हा हा हॉल त्यांच्या घरचाच म्हणायचा.

हेच क्षेत्रफळाचं गणित लाइपझिगला लावलं की तिथला आकडा १.५५ वर येतो. तो हॉल दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात गेला, आता मोजता येत नाही, पण अभ्यासक हाच आकडा धरतात. म्हणजे बॉस्टन हे लाइपझिगसारखं झालंच नाही. कागदावर २.३० आणि २.३१, प्रत्यक्षात १.५५ आणि १.९. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतल्या मोठ्या, भरगच्च सिम्फन्यांना १.९ अधिक मानवतो, दीड सेकंदाचा हॉल त्यांना कोरडा पडतो. ठरवलं एक, झालं दुसरं, आणि झालं ते बरं झालं.

रात्री उशिरा आणखी एक गुणाकार केला. मुलांनी ठोकळ्यांनी वाढवलेला १.३ पट लाइपझिग घ्या. सेबाइनच्या आकड्यांनी तो तीन सेकंदांवर जातो, धोका! पण १.५५ ला १.३ ने गुणलं तर २.०. म्हणजे ज्या हॉलपासून सूत्राने बॉस्टनला वाचवलं असं सांगतात, तो निनादापुरता तरी आजच्या हॉलच्या अगदी शेजारी बसला असता. फक्त २३,००० घनमीटरच्या वर गेला असता, बांधायला महाग.

१९ ऑक्टोबर

तिसऱ्या फलकावरून वाद. वहिनींचं म्हणणं, मुलांसमोर कशाला ही भानगड, सेबाइन थोर होता एवढं पुरे. माझं म्हणणं, थोर होताच, पण कशासाठी ते नीट सांगू या.

माझी बाजू अशी. जगातल्या सर्वोत्तम हॉलांची नावं निघाली की बॉस्टनबरोबर हमखास दोन नावं येतात. व्हिएन्नाचा म्युझिकफेराइन, १८७०, वास्तुकार थेओफिल हान्सन. ॲमस्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाउ, १८८८, वास्तुकार फान खेंट. दोन्ही सेबाइनच्या आधीचे, दोन्हींचा निनादकाळ दोन सेकंदांच्या घरात, दोन्ही आयताकृती. सूत्र नव्हतं तरी जमलं. मग सूत्राने ‘घडवलं’ कसं म्हणायचं?

आणि उलट बाजूला न्यूयॉर्क. १९६२ साली तिथे फिलहार्मोनिक हॉल उघडला. ध्वनिसल्लागार स्वतः बेरानेक. मूळ सल्ला बुटाच्या खोक्याचा होता, पण खुर्च्या वाढवायच्या म्हणून बाजूच्या भिंती फुगवल्या गेल्या. उघडल्यापासून तक्रारी. दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या, १९७६ मध्ये आतला सगळा भाग उखडून नवा बसवला, तरी समाधान नाही, शेवटी २०२२ मध्ये पुन्हा आतून नवा करून तो उघडला. हॉल पहिल्यांदा उघडला तेव्हाच सूत्र साठ वर्षांचं होतं, सगळ्यांना पाठ होतं. खोका मोडल्याची किंमत सूत्राला भरून काढता आली नाही.

वहिनींनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग सेबाइन नसता तर काय बिघडलं असतं?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की बॉस्टनचं कदाचित फार बिघडलं नसतं. पण खोली बांधायच्या आधी तिचा आवाज आकड्यात मांडता येतो, हे त्याच्याआधी कुणी केलंच नव्हतं. बेरानेकनी चूक काढली ती सेबाइनने मोजपट्टी दिली होती म्हणून. आज शाळेच्या वर्गापासून विमानतळापर्यंत सगळीकडे तेच सूत्र लागतं.

फलक तीनचं नवं शीर्षक: ‘बांधण्याआधी ऐकलेला हॉल’. मजकुरात २.३१ आणि १.९ दोन्ही आकडे, शेजारी शेजारी. वहिनींनी मान्य केलं, पण ‘चूक’ऐवजी ‘फरक’ लिहायला लावलं.

२३ ऑक्टोबर

छत आणि पुतळे.

छत सपाट नाही, खोल खोल चौकटींचं आहे. मॉडेलमध्ये बाल्साच्या पट्ट्या उभ्या चिकटवून जाळी केली. भिंतींवर, दुसऱ्या बाल्कनीच्या वर, सोळा कोनाडे आणि त्यात ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती. अपोलो, अथेना, सोफोक्लिस, युरिपिडिस, हर्मीस. बॉस्टनच्याच कॅप्रोनी बंधूंच्या कारखान्यातून आलेल्या. एवढे ग्रीक का? बॉस्टनला तेव्हा स्वतःला अमेरिकेचं अथेन्स म्हणवून घ्यायची हौस होती.

हे सगळं नुसतं नटवणं नाही. चौकटी, कोनाडे, पुतळे यांच्यावर आपटून आवाज एका दिशेने न परतता विखुरतो. गुळगुळीत समांतर भिंती असत्या तर टाळीचा आवाज दोन्ही भिंतींमध्ये टपटपत राहिला असता. नक्षी उतरवणाऱ्या आधुनिक वास्तुकारांना पुढे हीच गोष्ट वेगळ्या फळ्या लावून परत आणावी लागली.

पुतळे मुलांनी मातीचे केले. एक सेंटिमीटर उंचीचा सोफोक्लिस आणि एक सेंटिमीटर उंचीचा अपोलो यांत फरक करता येत नाही, पण प्रत्येकाच्या पाठीवर नाव कोरलंय.

वरच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या कापल्या. महायुद्धाच्या काळात त्या झाकल्या गेल्या आणि २००८ च्या सुमारास पुन्हा उघडल्या. मॉडेलमध्ये ट्रेसिंग पेपर लावला, आत उजेड छान पडतो.

२६ ऑक्टोबर

पाचवा फलक, देखभाल. मला वाटलं होतं हा कंटाळवाणा होईल.

२००६ मध्ये मंचाची लाकडी जमीन बदलली. मूळची, १९०० ची, शंभर वर्षांच्या खुर्च्या, चेलोच्या टोकांनी पडलेली भोकं आणि पियानोची चाकं सोसून झिजलेली. नवी टाकताना मॅपलचं तसंच लाकूड, तशीच खाचेत बसणारी जोडणी आणि जुन्या पद्धतीचे कापीव खिळे, हातोडीने ठोकलेले. कारण सरळ आहे. खालच्या सुरांची वाद्यं जमिनीवर टेकलेली असतात, ती जमीन त्यांच्याबरोबर कंप पावते. यंत्राने स्क्रू मारून काम आठवड्यात झालं असतं, पण मग फरक पडला तर तो कशामुळे, हे कुणाला सांगता आलं नसतं.

श्रोत्यांच्या बाजूची जमीनही साधी नाही. खाली सपाट फरशी, आणि सिम्फनीच्या हंगामात तिच्यावर उताराची लाकडी जमीन, मध्ये पोकळी. वसंतात ‘पॉप्स’च्या हलक्याफुलक्या मैफली सुरू झाल्या की खुर्च्या आणि उतार काढून सपाट जमिनीवर टेबलं मांडतात. सिम्फनीला २,६२५ जागा, पॉप्सला २,३७१.

मॉडेलमध्ये उताराची जमीन सुटी ठेवली आहे, उचलून काढता येते. मुलांना सर्वात आवडलेला भाग हाच, सोफोक्लिसपेक्षाही.

३० ऑक्टोबर

फलक छापून आले. तिसरा एकशे एकतीस शब्दांचा, बाईंनी मोजले नाहीत.

राहिलेलं: निळ्या दोऱ्याची गाठ सैल आहे, घट्ट करणे. काढत्या भिंतीला चुंबकपट्टी. बेथोवेनचं नाव सोनेरी पेनने. बाकीचे फलक कोरे सोडायचे. एका मुलाने त्यातल्या एकावर स्वतःचं नाव लिहायची परवानगी मागितली आहे, त्यावर उद्या गटात मतदान.